वय चव्वेचाळीस, सुधारित आवृत्ती

११ नोव्हेंबर

आजपासून दैनंदिनी. लिहिलेलं छापणारं कोणी उरलं नाही, म्हणून.

आमच्या दैनिकाची सोलापूर आवृत्ती परवा गुंडाळली. निरोप समारंभात शाल, नारळ आणि चादर मिळाली. सोलापूरच्या माणसाला सोलापुरी चादर! व्यवस्थापक पुण्याहून आले होते. म्हणाले, "वेळापूरकर सर, आता निवांत आराम करा." मी चोपन्न वर्षांचा आहे. मुलगी सृष्टी हॉस्टेलवर, तिचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष व्हायचंय, तिच्या आधी मी आराम केला तर तिला कठीण जाईल. नोकरी हवी, आणि उन्हाळ्याच्या आत हवी.

बायकोने, वैजयंतीने, चादर उलगडून पाहिली, म्हणाली, "रंग जातो याचा."

१९ नोव्हेंबर

एका खाजगी कॉलेजात जनसंपर्क अधिकारी हवा होता. मुलाखत घेणारा माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. मी कधी शिकवलं नाही ही गोष्ट वेगळी.

माझा बायोडेटा तो रक्ततपासणीच्या रिपोर्टसारखा वाचत होता. शेवटी मान वर करून हळहळला, "सर, तुमचा अनुभव फार निघाला हो."

कमी करायला काही पथ्य आहे का, असं विचारणार होतो. त्याने शिपायाला हाक मारली, "अंकलना लिफ्टपर्यंत सोड." मी जिन्याने उतरलो. गुडघ्याने अजून माफ केलेलं नाही.

२६ नोव्हेंबर

आणखी दोन नकार. एकीकडे 'तरुण, उत्साही टीम' होती. दुसरीकडे म्हणाले, तुम्हाला इथे करमणार नाही. लोकांना माझ्या मनोरंजनाची फार काळजी.

संध्याकाळी चन्नप्पाच्या दुकानात जाऊन बसलो. चन्नप्पा मूळचा अक्कलकोटकडचा, बोलण्यात कानडी मिसळणारा, माझा कॉलेजापासूनचा मित्र. पूर्वी त्याचा छापखाना होता, लग्नपत्रिका छापायचा. आता फ्लेक्स छापतो. शहरातल्या कुठल्याही चौकात मान वर केली की चन्नप्पाची कृती दिसते. मी संस्कृत घेऊन बी.ए. झालो तेव्हापासून तो मला 'रावसाहेब' म्हणतो. चेष्टा म्हणून सुरू झालं. त्याच्या मित्रमंडळात आता निम्म्यांना माझं इंद्रजीत हे नावच ठाऊक नाही.

"येन्री रावसाहेब, तोंड का पाडलंस बे?"

सांगितलं.

"मग वय कशाला लिवतोस त्यात? डॉक्टरकडं चाललास व्हय?"

"वय नाही लिहिलं तरी नोकऱ्यांची वर्षं दिसतात."

"मग ती काप की! बातम्या कापायचास न्हवं आयुष्यभर?"

चन्नप्पाच्या तोंडून अधूनमधून शास्त्र बोलतं. आमच्या धंद्यात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात; महत्त्वाचं वर असतं, खालचं गेलं तरी कोणाला कळत नाही. बायोडेटातही सगळ्यात जुनी वर्षं तळाशीच असतात. मी घरी येऊन पहिली दहा वर्षं कापली. संस्कृतात भूतकाळाचे तीन प्रकार. त्यांतला एक, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टींसाठी. माझी पहिली दहा वर्षं त्यात जमा केली. मी तिथे नव्हतोच.

३० नोव्हेंबर

मिशी काळी केली. पाकिटावर 'नॅचरल ब्लॅक' लिहिलं आहे. निसर्गात असा काळा रंग मी फक्त डांबराचा पाहिला आहे, आणि तोही निसर्गात नसतो. कानशिलांवरही हात फिरवला.

वैजयंतीने दार उघडलं आणि म्हणाली, "कोण पाहिजे?"

मग पाचेक मिनिटं हसत होती. हसताना तिच्या हातातला बत्ता थांबला नाही. हल्ली तिला शेंगाचटणी कुटायचा नादच लागलाय. घरात दोन माणसं आणि चटणी लग्नघराएवढी. विचारलं तर म्हणाली, माहेरी पाठवते. तिच्या माहेरी वहिनी आणि भाऊ, दोघांना पित्ताचा त्रास. एवढं तिखट खाऊन ते जगतात कसे, कळत नाही. असो. बायकांना रिकाम्या वेळात छंद हवाच.

५ डिसेंबर

'सोलापूर सुसाट' नावाचं एक बातम्यांचं चॅनेल आहे, मोबाइलवर चालतं. मालक पुण्याला, ऑफिस सात रस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर. जाहिरातीत 'वय पंचेचाळीसपर्यंत' असं स्वच्छ लिहिलंय. मी चव्वेचाळीस सांगितलं. पंचेचाळीस सांगितलं असतं तर संशय आला असता.

इथल्या प्रमुख आरोही मॅडम. वय अठ्ठावीस असावं. जिने चढून गेल्यावर मला बोलता येईना, तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहत विचारमग्न असल्याचा अभिनय केला.

"पाणी घ्या सर."

"नको, सवय आहे."

"कसली?"

पाणी घेतलं.

बायोडेटा वाचताना त्या एकदा थांबल्या. "सर, तुम्ही डायरेक्ट मुख्य वार्ताहर म्हणूनच सुरुवात केली?"

तळ कापला की इमारत वरूनच सुरू होते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणालो, "त्या काळी माणसं कमी होती." मग 'त्या काळी' या शब्दांवर जीभ चावली.

"एक महिना ट्रायल," त्या म्हणाल्या. "मग पुण्याहून कन्फर्मेशन येईल. कागदपत्रं तेव्हा द्या."

मिळाली! इंद्रजीत म्हणजे रावणाचा तो मुलगा, जो अदृश्य होऊन लढायचा. चोपन्नाव्या वर्षी नावाला जागलो.

१२ डिसेंबर

काम सोपं आहे. बातमी काय आहे ते सांगायचं नाही, ती पाहून तुम्ही थक्क व्हाल एवढं सांगायचं. पहिल्या दिवशी मी 'शहराच्या पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात बदल' असा मथळा दिला. कॅमेरावाला दिपक म्हणाला, "सर, हे कोन बगनार?" त्याने ते 'नळ उघडला आणि जे झालं ते पाहून...' असं केलं. नळ उघडल्यावर काहीच झालं नव्हतं, हीच बातमी होती. पण लोकांनी पाहिलं. मीही पाहिलं.

चाळिशी खिशात लपवून ठेवत होतो, मग लक्षात आलं की ती लावायला मला अधिकृत परवानगी आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षाचा हा एकच फायदा आतापर्यंत दिसला.

तीन मजल्यांसाठी युक्ती काढली आहे. प्रत्येक मजल्यावर फोन आल्यासारखं करून थांबतो. दिपक म्हणाला, "सरांना लई फोन येत्यात."

२० डिसेंबर

आज थोडक्यात वाचलो. बंद गिरणीच्या जागेवरची बातमी चालली होती. मी बोलून गेलो की शेवटच्या पाळीला भोंगा वाजला नाही तेव्हा फाटकाबाहेरच्या बायका घरी जायला तयारच नव्हत्या. सवयीने भोंग्याची वाट बघत उभ्या राहिल्या होत्या.

आरोही मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही पाहिलंय, सर?"

"वडील सांगायचे."

"छान सांगायचे," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. बहुधा वडिलांची आठवण आली असेल. त्यांच्या.

दुपारी त्यांनी डबा पुढे केला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खाल्ली तर अगदी वैजयंतीच्या हातची चव! तसं सांगितलं.

"असणारच सर," त्या म्हणाल्या.

मुलगी विनयशील आहे.

२८ डिसेंबर

पुण्याहून पहिला निरोप: आधार कार्ड पाठवा. मी कळवलं, दुरुस्तीला दिलंय. खोटं नाही. दुरुस्तीची गरज आहेच.

घरी वेगळंच. वैजयंती म्हणाली, नऊ तारखेला पंचावन्न पूर्ण होतायत, वारुणी शांत करून घेऊ. पन्नासाव्याची राहिली, ही तरी करू. भटजींना विचारलंय.

"मी चव्वेचाळीसचा आहे," मी म्हणालो. "चव्वेचाळिसाची शांत कुठल्याही शास्त्रात नाही."

तिने बत्ता खाली ठेवला. "हे बघा, ऑफिसात काय व्हायचं ते व्हा. घरात पंचावन्नचेच राहा. चव्वेचाळीसच्या माणसाशी मी लग्न केलेलं नाही. तो तेव्हा शाळेत होता."

यावर प्रतिवाद मीमांसकांनाही सुचला नसता.

शांत पुढे ढकलली. ती म्हणाली, "बरं. पण वाढदिवस काही लपत नसतो." कशावरून म्हणाली, कोण जाणे.

९ जानेवारी



सकाळी ऑफिसच्या रस्त्याला वळलो. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, चौक फ्लेक्सनी भरलेला. पुढाऱ्यांच्या मांदियाळीत ऑफिसच्या बरोब्बर समोर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या उंचीला, मी. दहा बाय पंधरा. पांढरीशुभ्र मिशी. मागे सूर्योदय, का सूर्यास्त, ते चन्नप्पाला ठाऊक. एका कोपऱ्यात झेप घेणारा वाघ. माझा आणि त्याचा काय संबंध, ते वाघालाही ठाऊक नसावं. मजकूर:

'आमचे मार्गदर्शक, ज्येष्ठ पत्रकार मा. रावसाहेब वेळापूरकर यांना पंचावन्न वर्षे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा!'

'पंचावन्न' हे आकड्यात होतं. आकडा माझ्या डोक्यापेक्षा मोठा होता. खाली शुभेच्छुक म्हणून काळे चष्मे घातलेले नऊ जण. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही.

वर गेलो. आज मजल्यांवर फोन आले नाहीत. आरोही मॅडम खिडकीशी उभ्या होत्या, शेजारी दिपक. दोघांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फ्लेक्सकडे.

"सर, हे...?"

आयुष्यात एवढ्या झटपट मी कधी बातमी दिली नाही. "मोठे बंधू."

"अच्छा! चेहरा अगदी सेम आहे हो."

"घराण्याचं नाक आहे."

"आणि मिशी?"

"मिशी ज्याची त्याची."

दिपक खोकायला लागला आणि बाहेर गेला. त्याला हवामान बाधलं असावं. आरोही मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तेही पत्रकार?"

"होते."

"माझ्याकडून हॅपी बर्थडे सांगा त्यांना."

सांगतो म्हणालो. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसलो. पाठीला कोणीतरी बघतंय असं वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

१० जानेवारी

चन्नप्पाकडे जाऊन भांडलो. तो दुखावला.

"तुज्या हापिसासमोर मुद्दाम लावला बे! तितं दुसऱ्याचा लागनार हुता, त्याला सरकवला. साहेबाला कळू दे की आपला मानूस कोन हाय!"

"साहेबाला माझं वय चव्वेचाळीस माहीत आहे!"

चन्नप्पाने तोंडावर हात ठेवला. आणि हा माणूस, ज्याने मला वर्षं कापायला सांगितली, म्हणाला, "ते खरंच केलास व्हय? मी चेष्टा केल्तो की."

"आजच्या आज उतरव."

आता तो खरोखर चिडला. "जित्या मानसाचा वाढदिवसाचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवत्यात व्हय? लोक काय म्हनतील? रावसाहेब गेले म्हनतील! दुपारपातूर हार घेऊन येतील घरी. यात्रा सरूपातूर हात लावनार न्हाय मी."

फोटो कुठून मिळाला, विचारलं. तो आमच्या कपाटातल्या अल्बममधला आहे, गेल्या वर्षीच्या गृहप्रवेशातला. चन्नप्पा छताकडे बघत म्हणाला, "व्हाट्सअपवर आला." कोणी पाठवला? "येतंय की कुटनं तरी." या तंत्रज्ञानाने माणसाच्या कपाटातलंही काही सुरक्षित ठेवलेलं नाही. वैजयंतीला सांगितलं. तीही म्हणाली, फारच वाईट दिवस आलेत.

१७ जानेवारी

यात्रा संपली. फ्लेक्स आहे. पुण्याचं आधारबद्दल तिसरं पत्र आलं: महिनाअखेरपर्यंत द्या, नाहीतर चाचणी संपल्याचं समजू.

आरोही मॅडमनी बोलावलं. "सर, मी 'गेलेलं सोलापूर' म्हणून एक मालिका करतेय. गिरण्या, भोंगे, जुनी थिएटरं, जुनं वार्तांकन. दर आठवड्याला एक भाग. कोणीतरी पाहिजे ज्याने स्वतः पाहिलंय. तुमच्या मोठ्या भावांना विचाराल?"

"त्यांना?"

"पाहुणे म्हणून. प्रत्येक भागाचं मानधन. पगार नाही, पीएफ नाही. पण पाहुण्यांना वयाची अट नसते, सर. तो नियम पुण्याचा, स्टाफसाठी. पाहुणे मी ठरवते."

"विचारतो."

मी दारापाशी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि तुमचं आधार नाही मिळालं, तर भावांचं दिलं तरी चालेल."

मुलगी हुशार आहे पण व्यवहारात भोळी. दोन भावांचं आधार एकच नसतं, हे तिला कसं समजावणार?

१९ जानेवारी

चन्नप्पा प्रायश्चित्त म्हणून एक माणूस घेऊन आला. हा माणूस हवा तसा जन्मदाखला 'करून देतो', त्यावरून आधार बदलतं. दहा वर्षं पुढची तारीख, मग पगारही कायम, पीएफही. सृष्टीचं वर्ष बिनघोर.

मी नाही म्हणालो नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्याला चहा दिला. त्याने कागद पुढे केला, म्हणाला, "साल सांगा."

मी बोटांवर हिशेब केला आणि साल सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आठवलं. त्या सालाच्या दोन वर्षं आधी माझे वडील वारले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मामांनी मला पाठशाळेत घातलं ते त्यानंतरच. आईने त्यानंतर पांढऱ्या लुगड्यात दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या. आणि तिच्या मुलाने नोकरीसाठी सरकारी कागदावर लिहून द्यायचं, की वडील गेल्यावर दोन वर्षांनी हा जन्मला!

"काय झालं, साल आठवंना व्हय?" तो माणूस म्हणाला.

"आठवलं," मी म्हणालो. "म्हणूनच नको."

चन्नप्पा त्या माणसाला उठवून घेऊन गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि बे म्हणाला नाही.

वैजयंती आतून ऐकत होती. म्हणालो, "नोकरी जाणार. पगार, पीएफ, सगळं. मोठ्या भावाला आठवड्याचे चार पैसे मिळतील. सृष्टीचं कसं करायचं?"

"होईल तिचं," चटणीची पाकिटं मोजत ती म्हणाली. एवढ्या खात्रीने म्हणाली, की मला वाटलं हिला अर्थशास्त्रातलं काही कळत नाही. "मला विचाराल तर दोघांपैकी मोठा बरा आहे. जरा बडबडतो. पण खरं बोलतो."

२३ जानेवारी

सकाळी मिशी काढली. रंग धुवून जात नाही, दुसरा उपाय नव्हता. खालून जो ओठ निघाला तो निःसंशय पंचावन्नचा. कानशिलांचा रंग मात्र उतरत आलाय. त्यासाठी चादरीएवढीसुद्धा वाट पाहावी लागली नाही.

तीन मजले चढलो. प्रत्येक मजल्यावर उघडपणे थांबलो, कठड्याला धरून. वर गेल्यावर दिपकने खुर्ची पुढे केली. "बसा काका," म्हणाला, आणि मग "सर" म्हणाला. मी म्हणालो, काका चालेल.

दिवे लागले. कॅमेरा सुरू झाला. समोर आरोही मॅडम.

"आपलं नाव?"

मी ठरवून काही गेलो नव्हतो. रावसाहेब म्हणून बसलो असतो तरी चाललं असतं. दोघेही भाऊ सांभाळता आले असते थोडे दिवस. पण तोंडून निघालं, "इंद्रजीत वेळापूरकर."

"वय?"

"पंचावन्न पूर्ण."

त्या जराही दचकल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "त्या शेवटच्या पाळीच्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर कुठे उभे होतात?" प्रश्नांची तयारी चांगली होती, माझ्यातला बदल मात्र त्यांच्या लक्षात आला नसावा. नव्या पिढीचं निरीक्षण कच्चं.

कुठे उभा होतो ते सांगितलं. मग बायका कशा उभ्या होत्या ते. एकीने भोंगा वाजला नाही म्हणून पोराला हळू आवाजात विचारलं होतं, आपलं घड्याळ तर बिघडलं नाही ना. हे मी तेव्हा बातमीत लिहिलं होतं, जागा कमी पडली म्हणून खालून कापलं गेलं. आज कोणी कापलं नाही. दिवे बंद झाले तरी मी बोलत होतो आणि दिपक रेकॉर्ड करत होता.

निघताना आरोही मॅडमनी विचारलं, "आणि तुमचे धाकटे भाऊ, सर? सोमवारपासून?"

"ते आता येणार नाहीत."

"पुण्याला काय कळवू?"

"मीच कळवतो," म्हणालो. "बातमी द्यायची सवय आहे."

घरी येऊन हात धुतले आणि लिहून टाकली. उद्या पुण्याला पाठवीन. शब्द मर्यादेत आहेत, कापायला काही नाही.

'सोलापूर, प्रतिनिधी: येथील वार्ताहर वेळापूरकर (वय ४४) यांचे अल्पशा नोकरीनंतर नुकतेच निधन झाले. ते शेवटपर्यंत तरुण व उत्साही होते. त्यांच्या पश्चात एक मोठा भाऊ असा परिवार आहे.'